‘महामात्त’ : एका राजपदाचा अर्थ आणि उगम

सम्राट अशोकाच्या शिलालेखांचा परिचय करून घेणाऱ्या वाचकास एक शब्द वारंवार भेटतो. लेखांच्या प्राकृतात तो ‘महामात’ किंवा ‘महामात्र’ असा येतो, पालि भाषेत ‘महामत्त’ अथवा ‘महामात्त’ असा आणि संस्कृतात ‘महामात्र’ असा. इतिहासाच्या पुस्तकांतून ‘धम्ममहामात्र म्हणजे धम्माच्या प्रसारासाठी अशोकाने नेमलेले अधिकारी’ एवढीच त्याची ओळख बहुधा करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. हा शब्द अशोकाने घडविलेला नाही. त्याच्या पूर्वीपासून तो राज्यकारभारात रूढ होता. अशोकाने त्याच्यामागे ‘धम्म’ हा एकच शब्द जोडला, आणि त्या जोडणीने अधिकाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. ती कशी पालटली, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घडण

‘महामात्र’ हा शब्द ‘महा’ आणि ‘मात्रा’ या दोन पदांचा बनलेला आहे. मात्रा म्हणजे माप, परिमाण. ज्याची मात्रा मोठी तो महामात्र, असा हा बहुव्रीही समास होय. अट्ठकथाकारांनीही महामत्त म्हणजे ऐश्वर्याची, अर्थात सत्तेची, मोठी मात्रा लाभलेला पुरुष, असाच अर्थ घेतला आहे. अमरकोशात महामात्र हा शब्द राज्यातील प्रधान पुरुषांसाठी दिलेला आहे. आपल्या मराठीतही ‘मात्रा’ या शब्दाचा हा जुना संस्कार टिकून आहे. वैद्य औषधाची मात्रा देतो, आणि एखाद्यापुढे कोणाचे काही चालेनासे झाले म्हणजे ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आपण म्हणतो. ज्याची मात्रा सर्वत्र चालते तो महामात्र, असे म्हटले तर मूळ अर्थापासून आपण फार दूर जात नाही.

याच्या जोडीला राजपुरुषासाठी दुसरा एक प्राचीन शब्द आहे, तो म्हणजे ‘अमात्य’, पालित ‘अमच्च’. ‘अमा’ म्हणजे घरी, सोबत. जो राजाच्या घरचा, त्याच्या सहवासातील, तो अमात्य. म्हणूनच पालित अमच्च हा शब्द राजाच्या मंत्र्यासाठी येतो, तसाच सामान्य गृहस्थाच्या सोबत्यासाठीही येतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशांचा जो नवा अर्थ सांगितला, त्यात उत्तर दिशा म्हणजे ‘मित्तामच्च’, म्हणजे मित्र आणि सोबती होत.

हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. अमात्य हे पद राजाशी असलेल्या जवळिकीवरून ओळखले गेले आणि महामात्र हे पद सत्तेच्या मापावरून. दोन्ही शब्दांत अधिकाऱ्याचा विचार राजाच्या बाजूने झालेला आहे. ज्या प्रजेवर तो अधिकार चालवितो, तिचा निर्देश या दोन्ही शब्दांत कोठेच नाही.

पालि साहित्यातील महामत्त

तिपिटकात महामत्तांचे निरनिराळे प्रकार आढळतात. ‘वोहारिक महामत्त’ हे न्यायनिवाडा करणारे अधिकारी. यातील ‘वोहार’ म्हणजे संस्कृत ‘व्यवहार’, आणि प्राचीन राज्यशास्त्रात व्यवहार म्हणजे खटला, दावा. ‘सेनानायक महामत्त’ हे सैन्याचे प्रमुख. मगध राज्याच्या मुख्य अधिकाऱ्यांस ‘मगधमहामत्त’ म्हटले आहे.

यांपैकी सर्वांत परिचित महामत्त म्हणजे वस्सकार ब्राह्मण. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी अजातशत्रूने त्यालाच तथागतांकडे पाठविले होते. वज्जींवर स्वारी करण्याचा राजाचा मनसुबा त्याने भगवंतांच्या कानी घातला, आणि उत्तरादाखल भगवंतांनी वज्जींच्या सात अपरिहानिय धम्मांचा उल्लेख केला. एकत्र जमणे, एकमताने कार्य करणे, वृद्धांचा आदर राखणे, स्त्रियांवर बळजबरी न करणे इत्यादी नियम पाळले जातात तोवर वज्जींचा ऱ्हास होणार नाही, हा त्या उत्तराचा आशय होता. वस्सकाराने त्यातून स्वतःच्या कामाचा तेवढा अर्थ उचलला. अट्ठकथेनुसार त्याने पुढे वज्जींत फूट पाडली आणि अजातशत्रूचा मार्ग मोकळा केला. मात्रा मोठी आणि बुद्धीही तीक्ष्ण, परंतु दोन्ही राजाच्या महत्त्वाकांक्षेला वाहिलेल्या, असा हा महामत्त होता.

याच्या उलट उदाहरण विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. अनाथपिंडिकाने जेतवन विकत मागितले तेव्हा जेत राजकुमाराने, भूमीवर नाणी अंथरली तरी ते मिळणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. अनाथपिंडिकाने हाच सौदा ठरला असे मानले. राजकुमाराने ते नाकारले. वाद वोहारिक महामत्तांपुढे गेला. एका बाजूस राजपुत्र होता आणि दुसऱ्या बाजूस एक गृहपती. महामत्तांनी निर्णय दिला तो राजपुत्राच्या विरुद्ध : ज्या अर्थी आपण किंमत उच्चारली, त्या अर्थी उद्यान विकले गेले. ज्या जेतवनात तथागतांनी अनेक वर्षावास केले, ते जेतवन अनाथपिंडिकाच्या दानशीलतेमुळे मिळाले हे आपण जाणतोच. परंतु राजपुत्राचे तोंड न पाहता निकाल देणारे अधिकारी नसते, तर ती दानशीलता उद्यानाच्या कुंपणाबाहेरच राहिली असती, हे सहसा कोणी सांगत नाही.

विनयाचा अशा अधिकाऱ्यांशी आणखी एक संबंध आहे. दुसऱ्या पाराजिकेचा नियम ठरविताना, किती मूल्याच्या चोरीसाठी राजा बिंबिसार दंड करतो, असा प्रश्न भगवंतांनी भिक्खूंतील एका माजी वोहारिक महामत्तालाच विचारला होता, आणि त्याच्या उत्तरानुसार ‘पाद’ ही मर्यादा ठरली. संघाचा नियम करताना लोकांत चालणाऱ्या कायद्याची जाणकाराकडून माहिती घेण्याची ही रीत मननीय आहे.

दोरी आणि द्रोण

महामत्ताच्या ‘मात्रे’चा खरा अर्थ मात्र जातकातील एका कथेत उलगडतो. कुरुधम्म जातकात (क्रमांक 276) कुरु देशातील अकरा व्यक्तींच्या शीलाची कथा आहे. त्यांत राजा व राजमाता आहेत, तसेच द्वारपाल आणि गणिकाही आहेत. त्या अकरांतील दोघे मोजमापाचे अधिकारी होत.

पहिला ‘रज्जुगाहक अमच्च’, म्हणजे दोरी धरून जमीन मोजणारा. एकदा शेत मोजताना त्याच्या दोरीची काठी रोवण्याची जागा नेमकी खेकड्याच्या बिळावर आली. बिळात रोवावी तर आतील खेकडा मरेल, पुढे रोवावी तर राजाचे नुकसान, मागे रोवावी तर शेतकऱ्याचे नुकसान. आत खेकडा असता तर दिसला असता, असे समजून त्याने काठी बिळात रोवली आणि आतून आवाज आला. आपले शील भंगले, ही रुखरुख त्याला कायमची लागून राहिली.

दुसरा ‘द्रोणमापक महामत्त’, म्हणजे राजाच्या हिश्श्याचे धान्य द्रोणाने मोजून घेणारा. मोजणी चालू असताना पाऊस आला. खुणेसाठी वेगळे ठेवलेले दाणे त्याने घाईने उचलून राशीवर टाकले, परंतु मोजलेल्या राशीवर टाकले की न मोजलेल्या, हे त्याला आठवेना. मोजलेल्या राशीवर टाकले असतील तर राजाचे धान्य विनाकारण वाढले आणि शेतकऱ्यांचे बुडाले, ही चिंता त्याला लागली.

मूठभर दाण्यांची ही चिंता आजच्या वाचकाला अतिशयोक्त वाटेल. पण कथेचे मर्म तिच्यातच आहे. मोजणाऱ्याच्या हातात माप असते, म्हणून चुकीचा तोटा नेहमी समोरच्या दुबळ्या माणसाच्या वाट्याला येतो. ज्याला हे कळते तोच खऱ्या अर्थाने मात्रा जाणणारा होय. पालित ‘मत्तञ्ञुता’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ प्रमाण जाणणे. भिक्खूने भोजनात मत्तञ्ञू असावे असे तथागतांनी वारंवार सांगितले. महामत्ताने सत्तेत मत्तञ्ञू असावे, हा कुरुधम्म जातकाचा बोध आहे.

अशोकाचे राजपुरुष

जातकातील रज्जुगाहकाला गाथेत ‘रज्जुक’ म्हटले आहे, आणि अशोकाच्या लेखांत हाच शब्द ‘राजुक’ किंवा ‘लाजुक’ या रूपात येतो. रज्जू, म्हणजे दोरी, हे त्याचे मूळ मानले जाते. जमीन मोजणारा हा अधिकारी अशोकाच्या काळी न्यायदानही करू लागला होता. तिसऱ्या शिलालेखात युक्त, राजुक आणि प्रादेशिक या अधिकाऱ्यांनी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर निघावे आणि इतर कामांबरोबर धम्माचा उपदेशही करावा, अशी आज्ञा आहे. या दौऱ्यासाठी ‘अनुसंयान’ हा शब्द वापरला आहे.

चौथ्या स्तंभलेखात, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर, अशोकाने राजुकांना उद्देशून आपले धोरण मांडले. मूल कुशल दाईच्या हाती सोपविल्यावर पालक जसा निश्चिंत होतो, तसे मी लक्षावधी लोकांवर राजुक नेमले आहेत, असे तो म्हणतो. पुढे त्याने ‘वियोहालसमता’ आणि ‘दंडसमता’ या दोन गोष्टी इष्ट म्हणून सांगितल्या. व्यवहारसमता म्हणजे न्यायाच्या कामकाजात समानता आणि दंडसमता म्हणजे शिक्षेत समानता. जेतवनाच्या कथेतील ‘वोहार’ येथे पुन्हा भेटतो, आणि या वेळी त्याला समता जोडलेली आहे. ज्या स्मृतींनी पुढे एकाच अपराधाला वर्ण पाहून निरनिराळी शिक्षा सांगितली, त्यांच्याशेजारी हे दोन शब्द ठेवावेत. त्याच विषमतेच्या ग्रंथाचे, मनुस्मृतीचे, दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झाले. त्या अग्नीत जे नाकारले गेले त्याच्या नेमके विरुद्ध तत्त्व या भूमीत दगडावर कोरलेले होते.

धौली आणि जौगड येथील कलिंगच्या स्वतंत्र लेखांत अशोक आपल्या महामात्रांशी अधिक कठोरपणे बोलतो. सर्व माणसे मला माझ्या अपत्यांसारखी आहेत, हा प्रसिद्ध आशय याच लेखांतील आहे. परंतु तो नगरातील न्यायाधिकारी महामात्रांना उद्देशून सांगितलेला आहे, ही गोष्ट आपण विसरतो. तुमच्यापैकी कोणाला ही गोष्ट अंशतःच कळते, असे राजा त्यांना बजावतो. कोणीतरी विनाकारण बंदिवासात पडतो, आणि त्याच्यापायी इतर अनेक जण दुःख भोगतात, हेही तो दाखवून देतो. असे का होते, तर मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा या दोषांमुळे. अधिकाऱ्याच्या दोषांची इतकी नेमकी यादी कोणत्या राजाने जाहीररीत्या दगडावर कोरली असेल? यात लाच घेणाऱ्याचा विचार नाही. कंटाळलेल्या, घाईत असलेल्या, चिडलेल्या सर्वसाधारण अधिकाऱ्याचा आहे. खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाला हीच माणसे अधिक भेटतात.

धम्ममहामात्र

या पार्श्वभूमीवर धम्ममहामात्र या पदाचा विचार केला पाहिजे. पाचव्या शिलालेखात अशोक स्पष्ट म्हणतो की हे पद पूर्वी कधी नव्हते. राज्याभिषेकास तेरा वर्षे झाल्यावर ते त्याने निर्माण केले. या अधिकाऱ्यांचे कार्यक्षेत्र त्याने नावे घेऊन सांगितले आहे. ते सर्व संप्रदायांत काम करतील. योन, कंबोज, गंधार यांच्यात, तसेच रठिक व पितिनिक यांच्यात आणि अपरान्तात काम करतील. यांतील अपरान्त म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा प्रदेश, आणि त्यातील सोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडलेले आहेत. नोकर आणि मालक, ब्राह्मण आणि धनिक, अनाथ आणि वृद्ध यांच्या हितासाठी ते झटतील. बंदिवानांना साहाय्य करतील, बेड्यांतून सोडवतील, ज्याच्यावर मुलाबाळांचा भार आहे किंवा जो वृद्ध आहे त्याच्या सुटकेचा विचार करतील.

येथे धम्माचा अर्थ कर्मकांड नाही, एका पंथाचा प्रचारही नाही. सातव्या स्तंभलेखात संघाबरोबरच ब्राह्मण, आजीवक आणि निगंठ यांच्याकडे लक्ष देण्याचे कामही धम्ममहामात्रांवर सोपविले आहे. त्यांच्या पदाची मात्रा ठरते ती बेड्यांतला माणूस, अनाथ, म्हातारा आणि नोकर यांच्यावरून. पूर्वीच्या महामात्राचे माप राजाच्या बाजूने घेतले जात होते. धम्ममहामात्राचे माप सर्वांत दुबळ्या प्रजाजनाच्या बाजूने घेतले जाऊ लागले.

सत्याला धरून हेही नमूद केले पाहिजे की अशोक शेवटी एकछत्री राजा होता. मृत्युदंड त्याने रद्द केला नाही. चौथ्या स्तंभलेखात त्याने त्या दंडितांना तीन दिवसांची मुदत दिली, एवढेच. लोकांच्या आचरणावर देखरेख ठेवणारे अधिकारी अतिरेक करू शकतात, हा काही अभ्यासकांचा आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क प्रजेला नव्हता. तो राजाच्या करुणेवर अवलंबून होता. राजा पालटताच व्यवस्था पालटणार, हे उघड होते.

नाशिकचे लेणे आणि शब्दाचा ऱ्हास

तरीही हा शब्द अशोकाबरोबर लगेच संपला नाही. त्याची एक खूण आपल्या महाराष्ट्रात आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्रमांक 19 चा लहानसा विहार तेथील सर्वांत प्राचीन लेण्यांपैकी होय. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नाशिकच्या ‘समण महामाता’ने तो कोरविला, असे त्यातील लेख सांगतो. श्रमणांची व्यवस्था पाहणारा महामात्र, असा याचा अर्थ सामान्यतः केला जातो. जवळच्याच क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञा आहेत. त्या गोवर्धन येथील अधिकाऱ्याला उद्देशून आहेत, आणि त्याचे पद मात्र ‘अमच’, म्हणजे अमात्य, असे आहे. एकाच डोंगरात दोन्ही जुने शब्द कोरलेले सापडतात.

पुढे राज्यकारभारात अमात्य टिकला आणि महामात्र मागे पडला. राजाचे हत्ती सांभाळणे हे मोठ्या विश्वासाचे काम होते, म्हणून संस्कृत साहित्यात हत्तीवरील प्रमुखाला महामात्र म्हटले जाऊ लागले. प्राकृतातून उतरत उतरत त्या शब्दाचे हिंदीत ‘महावत’ आणि मराठीत ‘माहूत’ झाले. इंग्रजांनीही तो उचलला. ज्या शब्दात एके काळी अनाथांचे आणि बंदिवानांचे हित सामावले होते, त्याच्या हाती शेवटी केवळ अंकुश उरला. माहुताचे काम कमी प्रतीचे नाही. परंतु ‘धम्म’ गळून पडल्यावर ‘महामात्रा’चे काय होते, हे या शब्दाचा इतिहास सांगतो.

लोकसेवक

आज आपल्या कायद्यात अधिकाऱ्यासाठी ‘लोकसेवक’ हा शब्द आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत त्याची व्याख्या होती, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. अमात्य राजाचा आणि महामात्र सत्तेचा, तसा लोकसेवक हा लोकांचा. या शब्दात प्रथमच प्रजेचे नाव आले. परंतु शब्दात आले म्हणून वागण्यात येतेच असे नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना याची पूर्ण जाणीव होती. संविधानाचा बाह्य आकार न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून संविधान निष्फळ करता येते, असा इशारा त्यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दिला. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाले तर तेही वाईट ठरेल, हे त्यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी सांगितले. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या 1947 च्या निवेदनात त्यांनी विधिमंडळाबरोबरच शासकीय सेवांतही अस्पृश्यांना प्रतिनिधित्व मागितले, ते केवळ नोकऱ्या मिळाव्यात म्हणून नव्हे. कायदा पुस्तकात असतो, पण माप अधिकाऱ्याच्या हातात असते, हे त्यांनी ओळखले होते.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम याच दृष्टीने वाचावे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या लोकसेवकाला त्यात शिक्षा सांगितली आहे. 2015 च्या दुरुस्तीने ही कर्तव्ये तपशीलवार नोंदविली. तक्रार लिहून घेणे, ती फिर्यादीला वाचून दाखविणे, गुन्हा नोंदविणे, नोंदीची प्रत देणे, ही ती कर्तव्ये होत. तक्रार नोंदवून घ्या म्हणून ठाण्याच्या पायरीवर बसून राहिलेल्या माणसाला या प्रत्येक शब्दाची किंमत ठाऊक आहे. कलिंगच्या महामात्रांना दोष दाखवून देणारा राजा त्यांना केवळ बजावू शकत होता. आज दुबळ्यातल्या दुबळ्या नागरिकाला अधिकाऱ्याकडे कायद्याने जाब मागता येतो. राजाच्या करुणेवर असलेली गोष्ट बाबासाहेबांनी हक्काची केली, हा फरक मोठा आहे.

आणि आपल्या समाजातून जे अधिकारी झाले, त्यांनाही हा शब्द प्रश्न विचारतो. आपली मात्रा कशाने मोजायची? गाडीने, शिपायांच्या संख्येने, की मूठभर दाणे कोणत्या राशीवर पडले या चिंतेने?

सारनाथच्या स्तंभावर एक आज्ञा कोरलेली आहे. संघात फूट पडू नये याविषयीच्या या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ ठेवावी आणि एक उपासकांजवळ ठेवावी, उपासकांनी आणि महामात्रांनीही प्रत्येक उपोसथाला येऊन ती समजून घ्यावी, असे तीत म्हटले आहे. अधिकाऱ्याला जे ठाऊक आहे ते लोकांनाही ठाऊक असावे, हे त्यातील तत्त्व आहे. याच स्तंभाचे सिंहशीर्ष 26 जानेवारी 1950 पासून आपली राजमुद्रा आहे. शासनाच्या पत्राच्या माथ्यावर ती असते. त्या सिंहांखालच्या दगडावर महामात्रांची कर्तव्ये कोरलेली आहेत, याचे स्मरण पत्रावर सही करणाऱ्याने ठेवावे, आणि ते पत्र हाती घेणाऱ्यानेही ठेवावे.